तिथं आसरा आहे

आमच्या गावच्या बारवेत जे भूत आहे, ती माझी बायको आहे. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच नाही. ती आत्ता आत भाकरी थापते आहे आणि मी ओसरीवर बसून हे लिहितो आहे, ते एवढ्याच हिमतीवर की तिला वाचता येत नाही.

धाकटीला मात्र यायला लागलंय. शाळेत जाते, आणि दिसेल ते मोठ्यानं वाचते. काडेपेटी वाचते, बाजारातून मीठ बांधून आणलेला कागद वाचते. अजून जोडाक्षरापाशी अडते. तेवढ्यात मला हे लिहून संपवलं पाहिजे.

ह्या भादव्यात निजामाची राजवट गेली. बंगल्याला कुलूप लागलं, माझी चौकीदारी संपली. ज्या साहेबांना मी भ्यालो ते आता कुठं आहेत मला माहीत नाही. म्हणजे भिण्यासारखं आता एकच माणूस उरलंय, आणि ते आत तव्यापाशी आहे.

बंगला म्हणजे पुसेगावच्या रस्त्याला, गावाबाहेरच्या टेकाडावर, सरकारी मुसाफिर बंगला. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, मागं स्वयंपाकघर. दौऱ्यावरचे अंमलदार तिथं उतरायचे. पण खरी गर्दी दसऱ्यानंतर. पाऊस उघडलेला, माशा कमी झालेल्या, ज्वारी हिरवीगार, आणि मागच्या पडक्या गढीत सीताफळांची झाडं लगडलेली. तेव्हा शहरातले साहेबलोक बायकापोरं घेऊन हवा बदलायला यायचे. ह्या हवेत बदलण्यासारखं काय होतं ते आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही तीच हवा बारा महिने घेत होतो आणि जसे होतो तसेच होतो.

मी तिथला चौकीदार. खानसामा म्हणून वसमतकडचे एक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. चौकीदारी मला त्यांच्याच शब्दावर मिळाली होती. चाचांचा दालचा खाऊन साहेबलोक मुक्काम वाढवायचे आणि जाताना शिफारस माझी करायचे, कारण सामान मी उचलायचो.

टेकाडाच्या पायथ्याशी बारव. चांगली दगडी, उतरत्या पायऱ्यांची. उन्हाळ्यातसुद्धा पाणी खोबऱ्यासारखं गोड. अख्खं गाव तिथं भरायचं. शेवटच्या पायरीच्या अलीकडं कोनाडा होता आणि त्यात शेंदूर लावलेले सात दगड. त्या साती आसरा. पाण्यावर राहणाऱ्या सात बायका. गोऱ्यापान असतात, भर दुपारी पायरीवर केस मोकळे सोडून बसतात, आणि त्यांच्या वेळेला कुणी आडवं गेलं तर धरतात, हे आमच्याकडं तान्ह्या लेकरालाही ठाऊक असतं.

मुन्सफसाहेबांना ठाऊक नव्हतं. ते कोर्टाचे साहेब, खुद्द हैदराबादचे. त्या वर्षी बेगमसाहेबांना घेऊन पहिल्यांदाच आले होते. मुक्कामाच्या पहिल्या सकाळी व्हरांड्यात उभे राहून त्यांनी खाली बोट केलं.

"वो बावली में क्या है जी?"

मी आपला जपून, माझ्या मोडक्यातोडक्या दखनीत म्हणालो, "उधर नक्को जाओ साहेब. उधर आसरा है."

"आसरा है?" साहेबांचा चेहरा खुलला. "सुनते हो बेगम? बावली में आसरा भी है!"

त्यांच्या उर्दूत आसरा म्हणजे निवारा, सावली, टेकायची जागा. आता सांगा, सावली आहे म्हणून जाऊ नका, असं कोण म्हणेल? साहेबांना वाटलं, बिचारा गावंढळ चौकीदार, 'नक्को' कुठं घालायचं ते कळत नाही. दुपारच्या आत सतरंजी, उशा, हुक्का आणि बेगमसाहेबांचं चांदीचं पानदान असं सगळं माझ्याच डोक्यावर बारवेत उतरलं. पानदान ठेवायला सपाट जागा हवी होती. ती मधल्या आसराच्या माथ्यावर मिळाली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण नवी नोकरी, घरात बाळंतीण, आणि साहेब गार वाऱ्यात म्हणत होते, "वाह, क्या आसरा है!"

बेगमसाहेबांना जागा फारच आवडली. दुसऱ्या दिवसापासून त्या दुपारी एकट्याच जायला लागल्या. न्हाऊन, केस वाळवत बसायच्या. साहेबांनी मला वर चिंचेखाली बसवलं आणि बजावलं, "परिंदा भी उतरा तो नौकरी गई समझो." मी म्हणालो, "हौ साहेब."

आणि बसलोही. चांगला बसलो. पण चिंचेखालून गढी दिसते, आणि गढीत सीताफळं डोळे उघडून पिकलेली होती.

त्याच आठवड्यात आमच्या घरी बाळंतिणीचा सव्वा महिना पुरा झाला. सव्वा महिन्यानं बाळंतीण पहिल्यांदा पाण्यावर जाते, आसरांची ओटी भरते, मग तिला पाणी शिवायची मोकळीक. ह्यावेळी तिसरीही पोरगीच झाली होती. माझ्या आईनं त्या पोरीचं तोंड पाहून जे मान फिरवली होती ती अजून सरळ झाली नव्हती. बायकोशी ती बोलायची ते माझ्यामार्फत. दोघी एका चुलीपाशी, आणि आई मला हाक मारून म्हणायची, "तिला म्हणावं, मीठ जास्ती झालं." बायको म्हणायची, "आत्याबाईला म्हणावं, मीठ त्यांनीच टाकलं." मी चौकीदार होतो, इथंही.

ओटीला दुपारी जाणार हे मला घरात कुणी सांगितलं नाही. असल्या गोष्टी पुरुषाला सांगत नाहीत. आणि ऐन दुपारी कुणी जातही नाही. पण शेजारणींची जेवणं, लेकरू निजणं, आईचा रुसवा, असं करत करत त्यांना उशीर झाला.

मी त्यावेळी गढीच्या भिंतीवर सीताफळ फोडत होतो.

पुढं काय झालं ते मी दोन्हीकडून ऐकलं, पुन्हा पुन्हा ऐकलं. बायका पायऱ्या उतरल्या. पुढं आई, मागं शेजारणी, मध्ये माझी बायको, हिरवं लुगडं, डोक्याला बाळंतिणीचा फडका, डोळ्यांत काजळ, हातात ओटीचं ताट. पहिला टप्पा उतरल्या आणि समोर पाहतात तर सात दगडांना टेकून एक गोरीपान बाई. पांढरे कपडे. गुडघ्यापर्यंत ओले केस मोकळे सोडलेले. तोंड लालभडक, कारण तोंडात विडा होता.

माझ्या आईचे गुडघे धरलेले होते. जात्यावरून उठताना ती दोघांचे हात मागायची. त्या दिवशी सगळ्यांत आधी वर पोचली ती आई. तिच्यामागं शेजारणी. घागरी गडगडत पाण्यात गेल्या, बुडाल्या.

बायको तेवढी खाली राहिली. तिला नंतर सगळ्यांनी विचारलं, तू कशी गं पळाली न्हाईस? तिचं उत्तर मी किती वेळा ऐकलंय! "पळायची ताकतच न्हवती बाई अंगात. पाय थरथर करून राहिले. मंग म्हनलं, आलेच हाये तर ओटी भरून टाकावं. धरायचं तर धरंल."

घागरींच्या आवाजानं बेगमसाहेबांचा लागलेला डोळा उघडला, तर समोर ही एकटीच उभी. बायको पुढं गेली. बेगमसाहेबांना कुंकू लावायची हिंमत झाली नाही, म्हणून पायाशी वाहिलं. नारळ, खण, तांदूळ, हिरव्या बांगड्या, सगळं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. आणि बेगमसाहेबांनी, चांगल्या घरच्या बाईला जी सवय असते त्या सवयीनं, पानदान उघडून एक विडा तिच्या हातावर ठेवला. दोघींपैकी एकीच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. बायको उलट्या पावलांनी पायऱ्या चढली. देवाला पाठ दाखवू नये म्हणून. बेगमसाहेबांनी मात्र पाहिलं ते एवढंच, की ही बाई उलट्या पावलांनी चालते.

शहरातल्या माणसालाही एवढं ठाऊक असतं की उलटी पावलं कुणाची असतात.

बेगमसाहेबांची हाक ऐकून मी धावत आलो, तोंडात अर्धं सीताफळ. साहेबही दुपारची झोप मोडून उतरून आले.

"अभी कौन आई थी?" बेगमसाहेब ओढणीआडून म्हणाल्या.

"कोई नहीं जी."

"हरी साड़ी वाली?"

नोकरी डोळ्यांपुढं आली. "मैं तो यहींच बैठा था साहेब," मी म्हणालो. "परिंदा नहीं उतरा." आणि तोंडातलं सीताफळ बियांसकट गिळलं.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मग नारळाकडं. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ती भीती नव्हती. सुट्टीत आलेल्या माणसाला शेवटी काहीतरी सापडलं, तो आनंद होता तो.

वाटलं, घरी तरी खरं सांगावं. बायको भ्याली असेल, तिला म्हणावं, अगं ती मुन्सफाची बेगम. घरी आलो तर ओसरीवर गर्दी. माझी बायको पाटावर बसलेली, मांडीवर तिसरी पोर, आणि माझी आई तिच्या पाया पडत होती.

मी दारातच थांबलो. मधे विडा ठेवला होता, केळीच्या पानावर. त्याला चांदीचा वर्ख होता. आमच्या गावात तोवर वर्ख कुणी पाहिला नव्हता. शेजारीण म्हणाली, "बघा बाई, देवाघरचा इडा. चांदीचा हाय." आईनं मला पाहिलं आणि सव्वा महिन्यात पहिल्यांदा पोरीला स्वतः उचलून घेतलं. "आसरानं हातानं वटी घेतली हिची," ती म्हणाली. "ही पोरगी साधी न्हाई रे. ही आसराची हाय."

बायकोनं मला फक्त एकच विचारलं, "तुमी वरी होते न्हवं? बंगल्यातलं कुनी बारवंत उतरलं होतं काय?"

तिला शंका आली होती. आता मागं पाहिलं की कळतं. ती मला वाट काढून देत होती, आणि तिला नुकताच मिळालेला मान मात्र त्यात जाणार होता. मी पोरीकडं पाहिलं, आईच्या खांद्यावर.

"न्हाई," मी म्हणालो. "साहेबलोक बंगल्यातच होते."

म्हणजे खोटं एकच. दोन ठिकाणी सांगितलं. टेकाडावर त्याचं भूत झालं, गावात त्याची देवी.

रात्रीच्या जेवणाची भांडी घासताना मी चाचांना सगळं सांगितलं असं नाही, त्यांनीच जुळवलं. विडे त्यांच्याच हातचे असायचे. ते म्हणाले, "नारियल तुम्हारे गाँव का, बीड़ा मेरे हाथ का. बीच में भूत कहाँ से आया मियाँ?" मी पातेलं घासत राहिलो. "बोल दो," ते म्हणाले. मी म्हटलं, सांगतो. त्यानंतर दर वर्षी, दर महिन्याला, कधी नुसत्या भुवया उडवून, ते विचारायचे, "बोले क्या?" मी म्हणायचो, "अभी नहीं." आमचा तो रामरामच होऊन बसला.

साहेबांनी शहरात जाऊन सांगितलं. पुढच्या दसऱ्याला बंगल्यात जागा पुरेना. वकील आले, डॉक्टर आले, जंगलाचे साहेब आले. मला फेरी काढावी लागली. सकाळी गढी, मग चिंच, मग ऐन दुपारी बारव. गढीत काहीच नव्हतं, पण एवढं चढून आलेल्या माणसाला काही नाही कसं म्हणायचं? म्हणून तिथं मी रात्री ऐकू येणारी एक घोड्याची टाप ठेवली. चिंचेला काय द्यावं सुचेना, तर एक डॉक्टर स्वतःच म्हणाले, "यहाँ कुछ ठंडा लगता है." तेव्हापासून चिंचेखाली थंडी लागायला लागली. सावलीत थंडी लागते, एवढी साधी गोष्ट.

नांदेडचे एक वकील तर वहीबिही घेऊन आले आणि बारवेच्या पायरीवर त्यांनी माझी उलटतपासणीच सुरू केली. भुताचं वय काय, लुगडं कोणतं, काठ कोणता? मला नवं काही रचायचा कंटाळा. मी घरचंच सांगत गेलो. हिरवं लुगडं साहेब, तांबडे काठ. हनुवटीवर तीळ. चालताना डाव्या पायावर जरा जास्त भार.

"दिसायला कशी होती?"

"चांगली," मी म्हणालो. मग बारवेच्या पाण्याकडं बघून म्हणालो, "फार चांगली होती साहेब."

हे मी घरी कधी म्हटलं नव्हतं. वकिलाला सांगितलं, भुताबद्दल.

इकडं गावात आईनं नियम घातला. आसरा जाग्या आहेत. जागत्या आसराच्या पाण्यात घागर बुडवायची नाही. चैत्रात वाजत जायचं, ओटी भरायची, परत यायचं. कुणी वाद घातला नाही. वाद घालायला दुपारी बारवेवर जावं लागलं असतं. मग सगळ्या बायका पाण्यासाठी कयाधू नदीकडं चालायला लागल्या. पावसाळ्यात गढूळ, उन्हाळ्यात वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं भरायचं. आणि बारवेचं गोड पाणी कोण प्यायचं? बंगल्यातले पाहुणे. चाचा शेंदायचे, मी वाहायचो. दिवसभर साहेबांना बारवेचं पाणी पाजून घरी यायचो आणि बायकोनं नदीवरून आणलेलं पाणी प्यायचो. गाळ खाली बसेपर्यंत तांब्या हातात धरून बसायचो.

बायको चुंबळ सारखी करत म्हणायची, "माज्यापायी साऱ्या गावाला चालनं आलं. पर काय करता, आसरानं मान दिला तर त्याचं मोलबी द्यावं लागतं." ती कधी कुरकुरली नाही. कुरकुरली असती तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगत आलो.

त्या दुसऱ्या दसऱ्यालाच बेगमसाहेबही आल्या. हातात हिरव्या बांगड्या. त्याच. माझी नजर गेली आणि मी जमिनीकडं पाहिलं. त्यांनी पडद्याआडून एक गाठोडं पुढं केलं. आत हिमरूची शाल, औरंगाबादी, हिरव्यावर सोनेरी वेलबुट्टी.

"ये उस बावली वाली के लिए है," त्या म्हणाल्या. "इतनी डरी हुई थी बेचारी. हाथ काँप रहे थे. फिर भी ख़ाली हाथ नहीं आई." मग जरा थांबून म्हणाल्या, "घर छूटा तब से मेरी गोद में किसी ने कुछ नहीं रखा था. तुम रख देना वहाँ. उसे मिल जाएगी ना?"

मी म्हणालो, "मिल जाएगी जी."

चाचा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ह्यावेळी ते "बोले क्या?" सुद्धा म्हणाले नाहीत.

शाल घेऊन मी घरापर्यंत आलो. खरंच आलो. दारातून बायको दिसली, मांडीवर पोर घेऊन माझ्या आईला पहिल्यांदाच खळखळून हसवत होती. काहीतरी माझीच नक्कल चालली होती. शाल दिली की कुठनं आणली ते आलं. ते आलं की सगळंच आलं. मी मागच्या मागं फिरलो आणि शाल बारवेत मधल्या दगडावर ठेवली. दोन दिवसांनी चैत्रासारखं वाजतगाजत गाव तिथं गेलं. आसराला शाल आली म्हणून.

तेव्हापासून ती शाल आईच्या ताब्यात असते. चैत्रात दगडाला पांघरतात. घडी घालायचा मान बायकोचा. घडी घालताना दर वर्षी ती तिच्यावरून हात फिरवते आणि म्हणते, "किती मऊ हाय वो. आसराबाईला कोन आनून देत असंल?" आणि मी म्हणतो, "देत असंल कुनीतरी."

ह्या भादव्यात चाचा गाव सोडून गेले. दिवस वाईट होते. त्यांच्यासारख्या माणसानं टेकाडावर एकटं राहावं असे नव्हते. मी त्यांना पहाटे गाडीत घालून वसमतच्या वाटेला लावलं. वर कडबा टाकला होता. कडब्यातून त्यांचं तोंड तेवढं दिसत होतं. मला वाटलं, काही निरोप सांगतील, दुवा देतील. ते म्हणाले, "बोले क्या?"

"अभी नहीं चाचा."

"अरे, तो कब?" ते म्हणाले, आणि बैल चालायला लागले.

त्यानंतर मी एक गोष्ट केली. ती सांगितली की झालं.

नोकरी गेल्यापासून मला काम नाही. पंधरा दिवसांमागं एकदा उजाडताच कळशी घेऊन निघालो. बायकोला म्हटलं, बसून अंग धरलंय, आज पाणी मी आणतो. गावानं पाहिलं तर हसेल म्हणून मागच्या वाटेनं बारवेत उतरलो. शेवाळ आलंय. सातही दगड तसेच बसलेले. मी त्यांना नमस्कार केला; त्यांचा तर काही दोष नव्हता. कळशी भरली, घरी आणून ठेवली.

बायकोनं तांब्या बुडवला, एक घोट घेतला आणि थांबली.

"हे पानी कुठलं?"

"नदीचं."

"नदीचं?"

"एक नवा झिरा लागलाय," मी म्हणालो. "पलीकडच्या अंगाला."

तिनं तांब्यातलं पाणी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं. तोंड पुसलं. मग तांब्या पालथा ठेवत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "उद्याबी त्याच झिऱ्याचं आना. आन् जरा मोठी घागर न्या. आत्याबाईलाबी देते. शेजारणीला इचारते, तिलाबी लागंल."

तिला काय कळलंय, किती कळलंय, मला माहीत नाही. विचारायचं तर आधी मला बोलावं लागेल. सध्या मी रोज सकाळी मोठी घागर आणतो. गावात माझ्या झिऱ्याचं नाव झालंय. तो नेमका कुठं आहे हे अजून एकाही बाईनं विचारलेलं नाही. मला वाटतं, ते विचारायचं नाही असं त्यांनी आपसात ठरवलेलं असावं.

भाकरी झाल्या. धाकटी शाळेतून येईल आणि दिसेल तो कागद उचलेल.

ती हिमरूची शाल माझ्या बायकोची आहे. ती शाल, ती कुणी आणि का दिली ते, आणि वकिलाला जे सांगितलं ते, एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.